अर्धी बुडालेली कळशी

सुमन, आधीच सांगतो, हे मी आपणहून लिहीत नाहीये. शाळेच्या अंकात तुझ्यावर लेख पाहिजे म्हणून हेडमास्तर घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "बाईंचं शिक्षण, नोकरी, बक्षिसं हे सगळं आमच्याकडे आहे. तुम्ही घरचं लिहा." मी म्हटलं, मी चौथी शिकलेला माणूस, दुकानाच्या पाटीपलीकडे काही लिहिलेलं नाही. तर म्हणाले, "बोलता तसंच लिहा." बोलतो तसं लिहिलं तर तो अंक पोरांच्या हातात देता येणार नाही, हे त्यांना ठाऊक नाही. तुला आहे.

तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही. येणारा जाणारा ओटीवर टेकतो आणि म्हणतो, "बाई किती शांत होत्या हो." मी मान हलवतो. शांत! वर्गात असशील. घरात गेली दीड-दोन वर्षं आपलं एकच भांडण चाललं होतं आणि ते अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस. असं कोण करतं? भांडणाऱ्या माणसाने निदान शेवटचा शब्द तरी बोलून जावं.

भांडण त्या कॉम्प्युटरचं. सरकारने शाळेला धाडला. टीव्हीसारखा पडदा, टाइपरायटरसारखी बटणं आणि बाजूला गाणी ऐकायचा टेपरेकॉर्डर, पण त्या टेपेत गाणी नाहीत, नुसती किंचाळी. बाकीचे शिक्षक त्याला हात लावायला घाबरले. शिकायला कोल्हापूरला कोण जाईल विचारलं तर निवृत्तीला टेकलेली गणिताची बाई हात वर करते! बरं, गेलीस तर गेलीस. मला वाटलं येताना गुळाची ढेप आणशील. आणलंस काय, तर बारीक चौकटींच्या कागदाचं भेंडोळं. ते स्वयंपाकघरात जमिनीवर पसरायचं, चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवायचे आणि मी जेवायला आलो की म्हणायचं, "पाय देव नका."

काढायचं काय होतं? आपली परसातली विहीर. मी म्हटलं, "इतक्या सगळ्या सोडून बावच कित्याक? किल्लो काढ, देऊळ काढ, लोकांका दाखवक तरी येतला." तू कागदावरून मान वर न करता म्हणालीस, "लग्न होऊन इलंय तेच्या दुसऱ्या दिवसापासून ह्या बावीचा पाणी ओढतंय. कधी नीट बघूक नाय. ओढताना हातातल्या राजवाकडे लक्ष, कळशीकडे लक्ष, नायतर तुमच्या आवशीकडे लक्ष."

"मगे फोटोवाल्याक बोलव. एका मिनटात काढून देतलो."

तेव्हा तू रागावलीस. रागावलीस की तू मालवणी सोडून शाळेतली मराठी बोलायचीस. "फोटोतली विहीर एकाच जागेवरून दिसते. ही मी आकड्यांनी बांधत्येय. लांबी, रुंदी, खोली. एकदा बांधली की कुठूनही बघता येईल."

"बाव परसात आसा. जा आणि खंयसून व्हया थंयसून बघ."

माप घ्यायला मात्र मीच लागलो. उन्हात कठड्यावर ओणवा होऊन टेप सोडतोय, तू वरून आकडे लिहून घेतेयस, आणि शेजारची तारक्का कुंपणावरून ओरडतेय, "बाव विकतास काय रे?" गावभर झालं की मास्तरणीने घर विकायला काढलं. दोन गिऱ्हाइकं दुकानात येऊन किंमत विचारून गेली. तुला त्याचं काही नाही. तुझं लक्ष चिऱ्यांवर.

त्या चिऱ्यांनी तर माझा जीव खाल्ला. आपल्या विहिरीचे चिरे भोकाभोकांचे, जांभ्याचे. नुसता तांबडा रंग भरला तर विहीर न दिसता पत्र्याचा डबा दिसायचा. मग तू एका चिऱ्याचा नमुना बनवलास, भोकं, खळगे, कुठे काळपट डाग, आणि तोच नमुना सगळ्या चिऱ्यांवर चिकटवत गेलीस, लग्नघरात भिंतीला रंगीत कागद चिकटवतात तसा. वरच्या थरांत शोभला. खाली गेलं की घोटाळा. खोलातला चिरा लहान दिसतो, तर त्याची भोकंही लहान दिसली पाहिजेत ना? तुझी भोकं वर तेवढी आणि खाली तेवढीच. तळाशी कोणी चाळण बसवल्यासारखी. ते सरळ करण्यात तू आख्खा मे महिना घातलास. सुट्टीची शाळा, किल्ली तुझ्याकडे, सकाळी जायचीस ती उन्हं उतरल्यावर यायचीस. इकडे परसात फणस झाडावरच पिकून फुटले, माश्या घोंघावू लागल्या. साठं कोण वाळत घालणार? मी?

आणि एवढं करून मला बघायला नेलंस. "बघलात?" म्हणालीस. मी बघितलं आणि खरं तेच बोललो. "सगळे चिरे एकासारखे एक. आपल्या बावीत एक तरी चिरो दुसऱ्यासारखो आसा?"

"यंत्राची आठवण लहान आहे. प्रत्येक चिऱ्याला वेगळं कातडं देता येत नाही."

"मगे मोठी आठवण असलेला मागून घे."

त्या दिवशी जेवताना भात वाढलास तो ताटाबाहेर. आमटी वाढलीस ती पण ताटाबाहेर.

पाण्याचं दुखणं आणखी निराळं. हा कॉम्प्युटर चित्र काढतो पण मागे कोण आणि पुढे कोण हे त्याला कळत नाही. जे शेवटी काढाल ते वर बसणार. म्हणून लांबचं आधी, जवळचं मागाहून आणि ज्याच्यातून आरपार बघायचं ते सगळ्यांच्या शेवटी. हे मला तू इतक्या वेळा ऐकवलंस की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पाणी आधी काढलं की तळाचे दगड त्याच्यावर चढून बसतात, विहीर कोरडी ठणठणीत. पाणी शेवटी काढलं तर दार रंगवावं तसा निळा थर, खाली काय आहे कोणाला ठाऊक. तू त्यावर तोड काढलीस. एक ठिपका पाण्याचा, एक ठिपका मोकळा, परत एक पाण्याचा. मोकळ्या ठिपक्यांतून खालचे दगड दिसायचे.

मी म्हटलं, "बावीत मच्छरदाणी कोणी घातली?"

तुझ्या हाताखाली शिकणारे ते सायन्सचे परुळेकर सर हसले. तू त्यांच्याकडे असं बघितलंस की ते खडू आणायला बाहेर गेले.

"मच्छरदाणीतसून पलीकडचा दिसता काय नाय?"

"दिसता."

"मगे झाला."

झालं. ते पाणी मला आवडलं होतं. दुपारचं ऊन सरळ आत पडतं तेव्हा विहिरीचं पाणी तसंच दिसतं, असूनही नसल्यासारखं. पण बोललो नाही. तू तरी माझ्या दुकानाला तोंडभरून कधी चांगलं म्हणाली होतीस?

मग आली ती कळशी. तुला ती अर्धी पाण्यात आणि अर्धी वर पाहिजे होती, कलती, तोंडातून पाणी आत शिरतंय अशी. आणि कॉम्प्युटरला ते जमेना. कळशी आधी काढली आणि पाणी नंतर, तर सगळी बुडालेली. पाणी आधी आणि कळशी नंतर, तर पाण्यावर ठेवलेल्या फुग्यासारखी. अर्धंमुर्धं त्याला ठाऊकच नाही.

"वर तरी काढ नायतर पुरी बुडव," मी म्हटलं. "मधीच कित्याक लटकवतंस?"

"भरताना कळशी मधीच असता."

"आमका भरलेली कळशी लागता, भरणारी नाय."

"तुम्ही आयुष्यात एक कळशी ओढली आहे का?" शाळेतली मराठी. चपला घातल्यास आणि निघालीस. छत्री माझ्या हातात, पावसात भिजत तू पुढे, मी मागे. रस्त्याने लोक बघताहेत. मास्तरीण आणि तिचा घो!

एक मात्र कबूल केलं पाहिजे. इतकी भांडलीस, पण माझ्या चौथीचा 'च' कधी काढला नाहीस. मसुऱ्याहून सातवी होऊन आलीस, माझ्या घरात मॅट्रिक झालीस, बाहेरून बसून बी. ए. झालीस. गावात लोक मागून बोलायचे की ही काय त्या दुकानदाराला विचारते! तू विचारायचीस. त्या कॉम्प्युटरसमोर नेऊन उभं करायचीस आणि "कसा वाटता?" म्हणायचीस. मी वाईट बोलणार हे माहीत असून विचारायचीस. शाळेत एवढे शिकलेले लोक होते, त्यांना नाही विचारलंस. याबद्दल मी तुझा... जाऊ दे. पुढचं लिहितो.

त्या चित्रात तू मलाही बसवलं होतंस. न विचारता. पलीकडच्या कठड्यावर चार-पाच त्रिकोण एकावर एक.

"हो कोण?"

"तुमी."

"माका कित्याक?"

"माणूस बसल्याशिवाय बाव केवढी ती कळणा नाय."

म्हणजे मी फूटपट्टी! आणि दिसत होतो कसा, तर नारळाची गोण. ते म्हटल्यावर तू इतकी हसलीस की खुर्ची ओढून बसावं लागलं. परुळेकर सर दारातून डोकावून गेले.

आणि मग एका सकाळी चूल पेटवता पेटवता तू गेलीस. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. हेडमास्तरांना पाहिजे असेल तर त्यांनी लिहावं.

दहाव्याला खाडीवर गेलो. पिंड मांडले, सगळे मागे सरले, आणि कावळा शिवेना. माडावर चांगले पाच-सहा बसलेले, माना वाकड्या करून बघताहेत, उतरत एक नाही. तुझा भाऊ हात जोडून पुढे झाला, "आक्का, आंगणेवाडीच्या जत्रेक भराडीदेवीची ओटी तुझ्या नावान मी भरतंय." कावळे गप्प. नंदा रडत म्हणाली, "आई, बाबांची काळजी करू नकोस, त्यांना मी शिरोड्याला माझ्याकडे नेते." त्याबरोबर एक कावळा उडून पलीकडच्या माडावर गेला. बरोबर आहे, लेकीच्या घरी जाऊन राहणारा माणूस मी नव्हे, हे त्यालाही माहीत. ऊन चढलं. भटजी म्हणाले, "मनात काही राहिलंय का आठवा, नायतर दर्भाचो कावळो करूया."

आठवायचं काय? मला पिंड मांडतानाच कळलं होतं. पण चारचौघांत हे बोलायचं कसं? आणि तुझाही हट्ट बघ. मेलीस तरी तुझंच खरं! माझं डोकं फिरलं. मी खाडीकाठाला घुमेल असा ओरडलो, "तुझी कळशी मी पुरी करून घेतंय! अर्धी पाण्यात, अर्धी वर, तुका व्हयी तशी! आता तरी ये गो!"

कावळा उतरला. भात घेऊन गेला. भूक लागली असेल त्याला, मी काही म्हणत नाही. पण पिंडासमोर शब्द दिला तो दिला. परतताना भटजी हळूच म्हणाले, "कळशी दान देणार असलात तर तांब्याचीच द्या."

आता माझी दशा बघ. ज्याला ते यंत्र चालू कुठे करतात ते माहीत नाही, त्याने तुला जमलं नाही ते पुरं करायचं! तेरावं झालं तसा परुळेकर सरांकडे गेलो. भला माणूस. हसले नाहीत. रविवारी शाळा उघडून बसले, टेप लावली, ती किंचाळली आणि पडद्यावर तुझी विहीर यायला लागली.

"काका, बाईंना उपाय सापडला होता," सर म्हणाले. "पाण्याच्या रेषेवर कळशीचे दोन तुकडे करायचे. खालचा तुकडा आधी काढायचा, त्याच्यावर पाणी, आणि वरचा तुकडा शेवटी."

"मगे केल्यान कित्याक नाय?"

"जागा नाही. एकाच्या दोन कळशा झाल्या म्हणजे आकडे वाढले, आणि यंत्राची आठवण भरलीय. काहीतरी काढून टाकायला हवं. त्याच्यावरच त्या अडल्या होत्या."

"काय काढूक येता?"

"चिऱ्यांचा नमुना काढला तर पुष्कळ जागा होते. नाहीतर," ते जरा चाचरले, "हा पलीकडचा माणूस."

मी विचार करत बसलो नाही. चिऱ्यांत तुझा मे महिना होता. "चिऱ्यांका हात लावा नका. माणूस काढा."

"पण काका, ते तुम्ही..."

"नारळाची गोण ती. काढा."

सर दुपारभर बटणं बडवत होते. मी बाकावर बसून पेंगत होतो. शेवटी त्यांनी हाक मारली आणि चित्र परत पहिल्यापासून सुरू झालं. तुझ्यासारखंच सावकाश, लोकांचा जीव जाईतो. लांबची भिंत, चिरे, तळाचे दगड. मग कळशीचं बूड. मग पाण्याचे ठिपके एकेक ओळ करून आले आणि बूड पाण्याखाली गेलं, तरी दिसत राहिलं. मग वरचा भाग, काठ आणि त्याला बांधलेला राजू, ओढायचा दोर. बसली, सुमन. अर्धी आत, अर्धी बाहेर, कलती. भरलेली कळशी राजवाला हिसका देते ना, तो आता बसेल म्हणून माझा हात आपोआप आवळला. तुझं बरोबर होतं. घे, लिहिलं.

पण राजू वर जातो आणि पडद्याच्या कडेला तुटतो. मी म्हटलं, "सर, ओढणारी खंय आसा? बाईंनी स्वतःक काढूकच नाय?"

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाले, "काका, असं चित्र काढायचं तर यंत्राला पहिल्यांदा सांगावं लागतं, डोळा कुठे आहे. कोण कुठे उभं राहून बघतंय. बाईंनी स्वतःची जागा दिलीय. रहाटाजवळची पायरी, त्यांच्या डोळ्यांची उंची. पाणी ओढताना त्यांना दिसतं, ते हे चित्र आहे. बघणारं माणूस चित्रात येत नाही."

तेव्हा आठवलं. त्या पायरीवर उभी राहून तू मला तुझंही माप घ्यायला लावलं होतंस, जमिनीपासून डोळ्यांपर्यंत. मी म्हटलं होतं, शिवणाऱ्याकडे जा.

आता सांग, हे तुला तोंडाने सांगता येत नव्हतं? सगळं सांगितलंस. ठिपके सांगितलेस, भोकं सांगितलीस, लांबचं आधी आणि जवळचं मागाहून शंभरदा सांगितलंस, आणि हे नाही सांगितलंस? इतकी वर्षं त्या पायरीवरून पाणी ओढताना मान वर केलीस की समोर मी बसलेला असायचो, नारळाचा भाव आणि एस.टी.चा खोळंबा बडबडत. ते तू आकडे घालून तिथे बांधून ठेवलंस आणि मला म्हणालीस काय, तर बाव केवढी ती कळावी म्हणून! आणि मी शहाणा, तुझ्या डोळ्यांसमोरून मला मीच काढायला लावलं. घरात तू नाहीस, विहिरीवर मी नाही. असलं चित्र घेऊन काय करू?

"टेपेवर साठवून ठेवू?" सरांनी विचारलं.

"थांबा. चिऱ्यांची भोकं काढून टाका. माका परत बसवा."

"काका, चिरे अगदी सपाट होतील. बाईंनी सगळ्यात जास्त मेहनत त्याच्यावरच..."

"माका म्हायत आसा. फणस माझे कुसले."

सर पुन्हा बटणं बडवायला लागले. दिवस कलला तेव्हा चित्र आलं. कळशी तुझी तशीच आहे, अर्धी पाण्यात, शब्द दिला होता तशी. पाणी तुझंच आहे. पलीकडे कठड्यावर मी आहे. आणि चिऱ्यांना भोक नाही, डाग नाही, सगळी विहीर गुळगुळीत तांबडी. तुझी सगळी मेहनत मी पुसून टाकली, तुला न विचारता, तुझ्या विद्यार्थ्याच्या हातून, आणि टेपेवर तसंच साठवून घेतलं. आता ते कोणाला बदलू देणार नाही. काय ओरडायचं ते ओरड. मी परसातच बसतंय.